माळवदाचे साणे आणि घराची कडी

आपल्या सोनारी गावी मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत, असा मंडळींचा आग्रह झाला. प्रस्तुत लेखक तालुका कचेरीतील एक साधा कारकून. देवळांचा इतिहास जाणकार लिहितीलच; परंतु देवळाभोवतीच्या घरांचा इतिहास कोणी लिहीत नाही, म्हणून हा अल्प प्रयत्न.

परंडा तालुक्याकडे पाऊस बेताचा आणि ऊन कडक. त्यामुळे वाडवडिलांनी माळवदाची घरे बांधली. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर लिंबाचा पाला आणि सर्वांत वर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, रात्री वर अंथरूण, दिवसा वाळवण. चुलीचा धूर जाण्यासाठी छताला साणे ठेवीत. साण्याच्या जागी एक कडी आखूड करून तिचे टोक दोन शेजारच्या कड्यांमध्ये बसविलेल्या आडव्या लाकडावर टेकवीत. वर बूड फोडलेले मडके उपडे घातले की झाले धुराडे.

त्या धुराने घरातील बायकांचे डोळे गेले, छातीचे विकार जडले, हे खरेच. परंतु त्याच धुराने लाकूड कोरडे राही आणि वाळवी दूर राही, हेही खरे. 2016 साली उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅस पोचला, चुली परसात गेल्या. साणी निरुपयोगी झाली. आमच्या घरीही धुराडे काढून भोकावर पत्रा ठेवला व सिमेंट थापले. काम झाले असे वाटले.

तिसऱ्या पावसाळ्यात छतावर ओलीचा डाग उठला. माती आणि सिमेंट यांचे जमत नाही. मध्ये फट पडते, पाणी मुरते. सुताराने कडीच्या टोकात सळई खुपसली, ती वीतभर आत गेली. वरून कडी धडधाकट दिसत होती. तिच्याखाली आमच्या मातोश्रींची बाज होती.

येथे एक हिशेब सांगतो. एक फूट जाड मातीचे वजन दर चौरस फुटाला सुमारे 45 किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन झाले. शिवाय गळती थांबावी म्हणून दरसाल नवी माती टाकण्याची आपली रीत! 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यात हजारो माणसे अशाच दगडमातीखाली गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे आजही काळजात कळ उठवितात. लेखक तेव्हा शाळकरी होता. कित्येक दिवस गाव अंगणात झोपले.

आमची दुरुस्ती अशी झाली. प्रथम तुळईला व शेजारच्या कड्यांना खालून धिरे दिले. मग त्या खणावरची माती उतरविली. भार न उतरविता कडीला हात लावणे म्हणजे मरणाला बोलावणे. कुजका भाग निकोप लाकूड लागेपर्यंत कापला. साणेच नको असल्याने आखूड कडीला ठिगळ लावले नाही. तिच्या जागी दोन्ही टोकांना पूर्ण टेकणारी नवी सागवानी कडी घातली. भिंतीतील टोकांना डांबर लावून ती मातीवर न ठेवता सपाट दगडावर बसविली. नंतर किलच्या, पाला, आणि माती पूर्वीपेक्षा निम्मी, पन्हाळीकडे उतार देऊन. धिरे मात्र सर्वांत शेवटी काढले.

कचेरीत पावसाळ्यानंतर पडझडीचे पंचनामे येतात. ‘भिंत पडली’, ‘माळवद बसले’ अशा एका ओळीत एकेक संसार असतो. साणे बुजविले की नाही, हे त्या कागदावर कोणी लिहीत नाही.

असो. देवाच्या घरासाठी आपण वर्गणी दिली, घाम गाळला. आता ग्रामस्थ बंधुभगिनींस हात जोडून विनंती, की येत्या मृगापूर्वी आपापल्या घरातील बुजविलेल्या साण्याखाली उभे राहावे आणि कडीला एकदा सळई लावून पाहावी. तोही जीर्णोद्धारच होय.