हिमप्रदेशातील माळी आणि नगरची माती

पवित्र शास्त्रातील अनुवाद नामक ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात मोशे आपल्या लोकांस बागाईताचा एक धडा देतो. मिसर देशात ते लोक भाजीच्या मळ्यास द्यावे तसे पायाने पाणी देऊन शेत पिकवीत असत. परंतु ज्या देशी ते जात होते, तो डोंगर-खोऱ्यांचा असून आकाशीच्या पावसावर जगणारा होता. देश पालटला की हवा पालटते, आणि हवा पालटली की जुन्या हाताला नवी विद्या शिकावी लागते, हा त्या वचनाचा व्यवहारातील अर्थ होय. आपल्या जिल्ह्यात हिमप्रदेशातून आलेल्या धर्मगुरूंनाही हीच विद्या शिकावी लागली. ज्युबिलीच्या या मंगल समयी चर्च, शाळा व दवाखाने यांचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. आम्ही येथे माती व पाणी यांचा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहो.

नगर जिल्ह्यातील आपल्या मिशनचा आरंभ १८७८ साली राहुरी तालुक्यातील केंदळ या गावी फादर ओटो वाईसहौप्ट या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातून झाला. १८७६ ते १८७८ या भीषण दुष्काळाने दक्षिणेतील मुलूख नुकताच होरपळून निघाला होता. पहिल्या महायुद्धात जर्मन फादरांस हा देश सोडावा लागला. पुढे स्वित्झर्लंडचे फादरही आले. जेथे हिवाळ्यात दारापुढे बर्फाचे ढीग साचतात, अशा मुलखातून हे लोक येत. आणि ज्या जिल्ह्याच्या बहुतेक भागात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे त्यांना आयुष्य घालवावयाचे असे.

त्यांना प्रथम शिकावा लागणारा धडा ऋतूंचा होय. युरोपात बाग हिवाळ्यात निजते व उन्हाळ्यात फुलते. आपल्याकडे याच्या अगदी उलट! वैशाखाच्या वणव्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, जमिनीला भेगा पडतात आणि विहिरीवाचून काही हिरवे राहत नाही. म्हणजे तिकडील पौष-माघ तोच इकडील चैत्र-वैशाख समजावा. कोबी, फुलकोबी, नवलकोल, गाजर, वाटाणा या भाज्या युरोपियनांच्या ओळखीच्या खऱ्या. परंतु मायदेशातल्याप्रमाणे वसंतात बी टाकून उन्हाळ्यात पीक घेऊ म्हटल्यास येथे रोपे करपून जातात. त्याच भाज्या पावसाळा सरताना लावून थंडीत वाढविल्या की उत्तम येतात. मृगाचा पाऊस कशासाठी व हस्ताचा कशासाठी, हे शेतकऱ्याचे पंचांग ज्याने जाणिले त्यालाच येथे बाग करिता येते.

दुसरा धडा मातीचा. प्रवरा व गोदावरी यांच्या काठची काळी जमीन पाहून कोणाही परक्याचे मन लोभावे. परंतु ती मोठी मानी आहे. ओली असता नांगर घातला तर तिचे ढेकूळ दगडासारखे होते. पार वाळू दिली तर कुदळ उडते. या दोहोंमधील योग्य घडीला आपल्या लोकांनी ‘वाफसा’ असे सुंदर नाव दिले आहे. माती मुठीत दाबावी, तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टोकरताच तो फुटावा, म्हणजे वाफसा आला. ही परीक्षा हातालाच शिकावी लागते, आणि ती शिकविणारे गुरू म्हणजे गावोगावचे शेतकरी, माळी व मजूर. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांच्या नावे एक गुंठाही जमीन नव्हती. तथापि दुसऱ्यांच्या शेतांत राबून त्यांच्या हातांना मातीची जी ओळख झाली होती, ती कोणत्याही युरोपियन विद्यापीठात मिळण्यासारखी नव्हती.

तिसरा धडा पाण्याचा; हा सर्वांत कठीण व शिकावयास सर्वांत दीर्घ काळ लागलेला होय. विहीर खणावी, मोट बसवावी, पाटाने वाफ्यात पाणी सोडावे, ही रीत जुनीच होती. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांचे रूप पालटले. ऊस आला व पैसा आला. परंतु जेथे पाणी सुमाराबाहेर दिले गेले व निचरा राहिला नाही, तेथे चांगल्या जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या. पाण्याचा अभाव जसा माळ्यास मारतो, तसा पाण्याचा अतिरेकही मारतो. आणि ज्या गावांस कालवा नव्हता, ती तर आभाळाकडे डोळे लावूनच राहिली.

येथे फादर हर्मन बाखर यांचे स्मरण करणे उचित आहे. हे स्विस येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले व नगर जिल्हा ही त्यांनी आपली कर्मभूमी मानली. लोक त्यांना प्रेमाने ‘बाखर बाबा’ म्हणत. नगरच्या सोशल सेंटरद्वारे त्यांनी गरीब शेतकऱ्यांची सेवा आरंभिली. आरंभी भर होता तो विहिरींवर व शेतीच्या सुधारणेवर. परंतु १९७२ च्या दुष्काळात विहिरीच कोरड्या पडल्या. जमिनीत पाणीच मुरले नाही, तर विहीर कितीही खोल नेऊन काय उपयोग?

या प्रश्नाचे मर्म दोन देशांच्या हवामानांतील भेदात आहे. आल्प्स पर्वतात हिवाळ्याचे पाणी बर्फ होऊन डोंगरावर बसते आणि उन्हाळाभर थोडे थोडे वितळून खाली येते. तेथे बर्फ हाच तलाव. वालिस प्रांताच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके कड्यांच्या पोटातून पाट काढून हे पाणी आपल्या कुरणांस आणिले आहे. आमच्या डोंगरांवर बर्फ नाही. चार घटका मुसळधार पाऊस पडतो, उघड्या माळावरून मातीसकट धावतो आणि ओढ्यातून निघून जातो. मग जे काम तेथे बर्फ करितो, ते येथे कोणी करावे? ते गवताने, झाडाने आणि मातीने करावे, हेच उत्तर होय. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे चालावे: वर समतल चर खणावे, गवत व झाडे राखावी, उतारावर ताली घालाव्या, ओढ्यास बांध घालावे, आणि विहिरीचा विचार सर्वांत शेवटी करावा. बाग विहिरीपाशी नव्हे, तर डोंगरमाथ्यावर सुरू होते!

याच विचारातून भारत व जर्मनी यांच्या सहकार्याने पाणलोट विकासाचा कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ साली ‘वॉटर’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ ते २००१ या काळात हे काम झाले. तेथे पाऊस सुमारे ४५० मिलिमीटरच. पूर्वी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे आणि शेतमजुरास वर्षातून तीन-चार महिनेच काम मिळे. पुढे ते नऊ-दहा महिने मिळू लागले व टँकर बंद झाला. पाऊस काही वाढला नव्हता. पडेल तो धरून ठेवण्याची विद्या वाढली होती.

परंतु हे फळ फुकट मिळाले नाही. श्रमदान करावे लागले. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी लागली. ज्याला शेत नाही, ज्याचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्याला डोंगर बंद होणे म्हणजे चूल बंद होणे. म्हणून डोंगर टप्प्याटप्प्याने बंद करणे आणि भूमिहीनास मजुरी व गवताचा वाटा मिळवून देणे, हा या कार्यातील न्यायाचा प्रश्न आहे. शेजाऱ्यावरील प्रीती आणि पाण्याची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत.

बाखर बाबा २०२१ साली प्रभूच्या विसाव्यात गेले. परदेशातून आलेल्यांनी आपली हवा शिकून घेतली. आता प्रश्न आमचा आहे. आम्ही याच मातीत जन्मलो. तथापि बोअरचे तोंड पाताळापर्यंत नेऊन कोरड्या माळावर उसाचे स्वप्न पाहताना, आम्हीच आपल्या हवेला परके तर झालो नाही ना? नातवंडांस नक्षत्रे ठाऊक नाहीत व वाफसा हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही, अशी वेळ येऊ देऊ नये. चर्चच्या छपरावरील पाणी जमिनीत मुरविणे, आवारात लिंब, चिंच, आवळा अशी येथली झाडे लावणे, दारच्या सांडपाण्यावर चार वाफे भाजी करणे, एवढे तर प्रत्येक धर्मग्रामास साधण्यासारखे आहे.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालियेने प्रभू येशूस पाहिले, तेव्हा तिला तो माळीच वाटला. तो प्रभू आमच्या हातांस वाफशाची ओळख देवो, आमच्या डोंगरांस हिरवे पांघरूण देवो, आणि पुढील ज्युबिली साजरी करणाऱ्या आमच्या लेकरांस भरलेल्या विहिरी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.