गारव्याची हमी

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे लढाया, तह आणि राजवटी यांवरच बोलावयाचे, अशी एक समजूत आहे. आम्ही आज ज्या विषयाला हात घालीत आहो, तो त्या मानाने किरकोळ वाटेल. मालवाहू पिकअप गाडी, तिच्यातील वातानुकूलन, आणि ते पुरेसे गार करीत नाही म्हणून हमीच्या मुदतीत केलेली तक्रार, एवढाच हा विषय. परंतु या तक्रारीच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो बराचसा आपल्या ठाणे-कल्याणच्या वाटेवरून गेलेला आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ कल्याणच्या बाजार समितीतून भाजी उचलून ठाण्यास पोचवितात. गाडी स्वतःची, कर्ज काढून घेतलेली, आणि चालवितात तेही स्वतःच. पहिली खेप पहाटेची, दुसरी दुपारची. पत्रीपूल ओलांडून शिळफाट्याला यावे, तिथे वाहनांच्या रांगेत अडकावे, मग मुंब्र्याच्या वळणरस्त्याने ठाणे गाठावे, असा त्यांचा नित्यक्रम. गाडी घेताना वातानुकूलनासाठी त्यांनी जादा पैसे मोजले होते. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या चैत्रात मात्र दुपारच्या खेपेला गाडीत बसवेना. ते गाडी दुरुस्तीला घेऊन गेले. तेथील माणसाने झरोक्यापुढे हात धरला आणि म्हणाला, "दादा, गार लागतंय की! या गाडीचा एसी एवढाच." त्याने गॅस भरून दिला आणि त्याचे पैसे घेतले. महिन्याभराने पुन्हा तेच झाले, आणि पुन्हा गॅसचे पैसे घेतले गेले. हमीचे कागद गाडीच्या खणात तसेच राहिले.

"एवढाच" म्हणजे नेमका किती, हा प्रश्न इतिहासाला नवा नाही. गारवा जेव्हा वजनावर विकला जात होता, तेव्हा त्याचे उत्तर सोपे होते. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज बर्फ घेऊन कलकत्त्यास आले. तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून आणलेला होता. चार महिन्यांच्या प्रवासात त्यातील बराच वितळला, तरी उरलेल्यावर व्यापार झाला. पुढे हा बर्फ मुंबईसही येऊ लागला आणि त्याच्यासाठी बर्फघर बांधले गेले. त्या व्यापाराची एक खूण आजही आपल्या बोलण्यात आहे. आपण दुकानात "दीड टनाचा एसी" मागतो, तेव्हा यंत्राच्या वजनाविषयी बोलत नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता काढून टाकण्याची शक्ती, असा त्या टनाचा अर्थ आहे. गिऱ्हाइकाला तराजूवर पाहता येईल असे ते माप होते.

गाडी आणि गारवा यांची गाठ पडली ती रेल्वेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे बसले होते आणि दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. एप्रिलमधील ती वेळ कशी असते हे ठाणेकरांस सांगावयास नको. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. १८७२ साली जी. आय. पी. रेल्वेने पहिल्या वर्गाच्या डब्यांत हवा गार करण्याची योजना आणली. वाळ्याच्या ओल्या तट्ट्यांतून येणारा वारा आपल्या घरांना ठाऊक होताच. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला. त्यात बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवीत असत.

या साऱ्या काळात गारवा कोणाला मिळाला? ज्याच्या हाती वरच्या वर्गाचे तिकीट होते, त्याला. गाडी ओढणाऱ्या इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन भट्टीच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्यासाठी बर्फाची लादी कोणी ठेवली नाही.

यंत्राने गारवा निर्माण होऊ लागल्यावरही हा क्रम बदलला नाही. विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आवरणारी योजना आखली. दमट हवेत कागद फुगतो आणि रंगीत छपाईचे ठसे जुळत नाहीत, म्हणून ती हवी होती; म्हणजे पहिली सोय झाली ती कागदाची. मोटारीत वातानुकूलन आणले ते पॅकार्ड या श्रीमंती मोटारीने, आणि तेही १९३९-४० च्या सुमारास. त्या मोटारीत शीतयंत्र बंद करण्यास सोय नव्हती. गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे!

आपले ठाणेही या इतिहासात आहे. १९४३ साली मोहन अडवाणी यांनी मुंबईत ब्लू स्टार सुरू केली, आणि १९५४ साली टाटा व व्होल्कार्ट यांच्या भागीदारीतून व्होल्टास उभी राहिली. या दोन्ही कंपन्यांचे कारखाने ठाण्याच्या पोखरण रस्त्याच्या परिसरात होते. देशभरच्या कचेऱ्या आणि नाट्यगृहे थंड करणारी यंत्रे करण्यात येथील कामगारांचे हात लागले. ते कामगार ज्या लोकलने घरी जात, तिच्यात मात्र वातानुकूलन येण्यास २०२० साल उजाडावे लागले. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस ठाणे-पनवेल मार्गावर आणि डिसेंबरात कल्याणच्या मुख्य मार्गावर वातानुकूलित लोकल सुरू झाली.

मालमोटारीच्या चालकाची पाळी त्याहूनही उशिरा आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने केला. पण तो साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या वाहनांस लागू आहे. शिळफाट्यावर आपण पाहतो त्या बहुतेक पिकअप गाड्या या मर्यादेच्या आत बसतात, म्हणून नियमाच्या बाहेर राहतात. आमच्या परिचितांस गारवा मिळाला तो कायद्याने दिलेला नव्हता, पदरच्या पैशाने घेतलेला होता. अशा माणसाजवळ एकच आधार उरतो, आणि तो म्हणजे विकणाऱ्याने दिलेला शब्द.

या शब्दाचाही एक इतिहास आहे. बाजाराचा जुना न्याय असा, की घेणाऱ्याने पारखून घ्यावे आणि मागून बोलू नये. १९३० च्या माल-विक्री कायद्याने त्यात बदल केला, तो असा. 'शर्त' आणि 'हमी' अशा दोन गोष्टी त्याने वेगळ्या काढल्या. शर्त मोडली तर माल परत करता येतो. हमी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते. पण ती मागण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि एका पंख्यासाठी ती कोण चढणार? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रारीचे स्वतंत्र दार उघडले.

त्या दारातही एक अडसर होता. व्यापारासाठी वस्तू घेणारा तो ग्राहक नव्हे, असे कायदा म्हणतो. मग भाजी वाहणाऱ्याची गाडी कशात मोडते? १९९३ साली कायद्यात खुलासा घालण्यात आला, की स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी समजू नये. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो खुलासा उदाहरणाने स्पष्ट केला. मालमोटार घेऊन ती स्वतः भाड्याने चालविणारा माणूस ग्राहकच आहे. ती केवळ दुसऱ्याकडून चालवून घेणारा मात्र नव्हे. २०१९ च्या नव्या कायद्याने हे तत्त्व कायम ठेवले, आणि ग्राहक जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूदही कायद्यात आहे.

तेव्हा दार उघडे आहे. परंतु आत जाऊन सांगावयाचे काय? "गार लागत नाही," असे एकाने म्हणावे आणि "लागतंय की," असे दुसऱ्याने म्हणावे, तर निवाडा होणार कसा? बर्फाच्या व्यापाऱ्याजवळ तराजू होता. आपल्याजवळ तापमापक आहे. आमच्या परिचितांस हे सुचविले त्यांच्या मुलीने. ती शाळेत विज्ञान शिकते आहे. त्यांनी बाजारातून एक साधा तापमापक आणला, तो मधल्या झरोक्यात बसविला, आणि मुलीची जुनी वही घेतली. तारीख, वेळ, ठिकाण, बाहेरचे तापमान, झरोक्याचे तापमान, गाडी उभी की चालती, एवढेच ते लिहीत. आठ दिवसांत वहीने बोलावयास सुरुवात केली. बाहेर ३६ अंश असता वळणरस्त्यावर झरोका ११ अंश दाखवी. शिळफाट्याच्या रांगेत तोच १९ वर जाई.

यातून काय निघते ते समजण्यासाठी यंत्राचे काम थोडक्यात पाहू. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तेव्हा तो तापतो. तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीतून जाताना उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. हा द्रव पुढे आतल्या कॉइलमध्ये मोकळा होऊन उकळतो आणि केबिनमधील उष्णता शोषून घेतो. हवेचा झोतच कमी असेल तर फिल्टर तुंबलेला असण्याचा किंवा ब्लोअर थकल्याचा संभव. झोत भरपूर पण सर्वकाळ कोमट असेल तर गॅस कमी असल्याची शंका घ्यावी. आरंभी गार लागून मग झोत मंदावत गेला तर कॉइलवर बर्फ धरत असेल. आणि चालताना गार, उभे राहिल्यावर कोमट, असे असेल तर कंडेन्सरवर वारा पोचत नाही. चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्याने द्यावा लागतो.

गॅसविषयी एक गोष्ट प्रत्येक वाहनधारकाने लक्षात ठेवावी. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे; पण नव्या गाडीत तो एका हंगामात दोनदा कमी पडला, तर गळती शोधली पाहिजे. न शोधता भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय जुन्या गॅसांनी ओझोनच्या थराला भोक पाडले म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. त्यानंतर मोटारीत आलेला आर-१३४ए हा गॅस ओझोनला निर्धोक असला, तरी वातावरण तापविण्यात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक आहे. अशा गॅसांचा वापर घटविण्यासाठी २०१६ साली किगाली येथे झालेल्या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली.

आमचे परिचित वही घेऊन पुन्हा गेले. या वेळी त्यांनी तोंडी काही सांगितले नाही. तक्रार कागदावर दिली, वहीची प्रत जोडली आणि पोच मागितली. पोच द्यावयाची म्हटल्यावर वरचा माणूस बाहेर आला. त्याने वही पाहिली, गाडी उभी ठेवून दोन्ही बाजूंचा दाब मोजला, आणि कंडेन्सरचा पंखा निम्म्या गतीनेही फिरत नाही हे पाच मिनिटांत कळले. दोनदा विनाकारण भरलेल्या गॅसने दाब आणखी चढला होता. पंख्याची मोटार हमीत बदलून मिळाली. जादा गॅस काढून तो मोजून पुन्हा भरला गेला. आधी घेतलेले गॅसचे पैसे मात्र अद्याप परत मिळालेले नाहीत. त्यांची मागणी त्यांनी लेखी केली आहे, आणि तिचीही पोच वहीत चिकटवून ठेवली आहे.

श्रोतेहो, गारवा प्रथम वरच्या वर्गाच्या प्रवाशांना मिळाला, मग कागदाला, मग श्रीमंतांच्या मोटारीला, आणि सर्वांत शेवटी तो चालकापर्यंत आला. जी सोय इतक्या उशिरा आली, ती "एवढाच" या एका शब्दावर सोडून देऊ नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. पूर्वी ज्यांच्या हाती तराजू होता, त्यांनाच माप विचारता येत असे. आज शिळफाट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या भाजीवाल्यालाही ते विचारता येते. त्यासाठी एक तापमापक लागतो, एक वही लागते, आणि हमीचा कागद खणातून बाहेर काढून एकदा वाचावा लागतो.