झिओलाइट : एका रूपकाची मर्यादा

१७५६ मध्ये स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट याने एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले, तेव्हा ते फसफसून फुगले. ग्रीकमधील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या शब्दांची सांगड घालून त्याने त्याला ‘झिओलाइट’ म्हटले. उकळता दगड! नाव देणाऱ्याने जे पाहिले तेच नावात आले. वाफ होऊन गेलेले पाणी मुळात दगडात कुठे राहत होते, याचे उत्तर मिळायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

हा दगड आपल्याला परका नाही. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट हे झिओलाइट स्फटिकरूपात सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातल्या खाणींतून ते निघतात. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणून मोकळे होतो (गारगोटी खरे तर क्वार्ट्झची, पण सिन्नरच्या प्रसिद्ध खनिजसंग्रहालयाचे नावही ‘गारगोटी’च आहे).

१९३० मध्ये लायनस पॉलिंग आणि डब्ल्यू. एच. टेलर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने काही झिओलाइटांची रचना उलगडली. मध्ये सिलिकॉन किंवा अॅल्युमिनियम, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन, असे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून उभे राहतात आणि त्यांच्या सांगाड्यात नियमित आकाराच्या पोकळ्या उरतात. क्रोनस्टेटचे पाणी तिथे होते. सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम आला की सांगाड्यावर एक ऋण भार येतो आणि तो फेडण्यासाठी सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन पोकळीत येऊन बसतात. पुढची सारी गोष्ट या आयनांची आहे; रूपकाने मात्र त्यांना वगळले.

चॅबाझाइट हा झिओलाइट पाणी व अल्कोहोल आत घेतो, ईथर व बेंझीन बाहेर ठेवतो, असे १९२५ मध्ये आढळले होते. त्यावरून जेम्स मॅकबेनने १९३२ च्या सुमारास ‘रेणूंची चाळणी’ हा शब्द रूढ केला. त्या निरीक्षणापुरता तो नेमका होता. पुढे युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टनने १९४९ पासून कृत्रिम झिओलाइट घडवले तेही याच नावाने बाजारात आले. त्यांतला ‘१३ एक्स’ कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या संशोधनात आजही मापदंड मानला जातो.

पण १३ एक्स या कामी चाळणी नाहीच. त्याच्या पोकळीची खिडकी सुमारे ७.४ अँगस्ट्रॉम रुंद (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुमारे ३.३, नायट्रोजनचा ३.६. दोघेही सहज आत जातात. मग निवड कशी होते? कार्बन डायऑक्साइडमध्ये मधला कार्बन किंचित धन, टोकांचे ऑक्सिजन किंचित ऋण असतात. ते ऋण टोक सोडियमकडे ओढले जाते. नायट्रोजनला तशी ओढ असते, पण बरीच क्षीण. दार दोघांना उघडे आहे, पण रेंगाळतो एकच. ‘चाळणी’ शब्दाने आपले लक्ष खिडकीच्या मापावर खिळवले, घरात कोण बसले आहे याकडे नाही.

याची किंमत केवळ शाब्दिक नाही. सोडियमला कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी कितीतरी अधिक प्रिय. कारखान्याच्या धुरात बाष्प असतेच, आणि ते सर्व जागा अडवते. म्हणून वायू आधी कोरडा करावा लागतो, पकडलेला वायू सोडवायला उष्णता द्यावी लागते किंवा दाब उतरवावा लागतो, आणि तिथेच खर्च वाढतो. १९७३ च्या स्कायलॅब अवकाशस्थानकातही झिओलाइटांनीच अंतराळवीरांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड काढला. तिथेसुद्धा आधी बाष्प टिपून घ्यावे लागे.

दुसरी वाट धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून सांगाडा रचण्याची. त्यासाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात घडलेला, २०२१ मध्ये जाहीर झालेला ‘काल्फ-२०’ हा जस्ताचा सांगाडा मध्यम आर्द्रतेतही पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडलाच पसंती देतो. त्याच्या पोकळीत ओढून घेणारा सुटा आयन नाही. पोकळीच्या भिंतीच त्या रेणूला चारी बाजूंनी अलगद धरतात.