तो थांबला आणि आपलं वय कळलं

आजच्या भागात क्रिकेट नाही, बेसबॉल आहे. पण लगेच पुढे ढकलू नका. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी काही अडणार नाही, कारण ही गोष्ट खेळापेक्षा वयाची जास्त आहे.

तारीख २१ मार्च २०१९. टोकियो डोम, ४५ हजारांहून जास्त प्रेक्षक. अमेरिकेतल्या मेजर लीगचा सामना जपानमध्ये चालू आहे, सिॲटल मरिनर्स विरुद्ध ओकलंड ॲथलेटिक्स. आठव्या इनिंगमध्ये राइट फील्डला उभ्या असलेल्या इचिरो सुझुकीला बाहेर बोलावलं जातं. वय ४५. त्या दिवशी चारदा बॅटिंगला आला, एकही हिट नाही. बाहेर येऊन तो एकेका सहकाऱ्याला मिठी मारतो. त्या रांगेत युसेई किकुची नावाचा पिचर आहे. मेजर लीगमधला त्याचा हा पहिलाच सामना. तो हमसून हमसून रडतोय.

किकुची तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याचा जन्म जून १९९१ चा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ओरिक्स या जपानी संघाने इचिरोला निवडलं. म्हणजे बघा, पोरगं पाळण्यात असताना सुरू झालेली ही कारकीर्द आणि त्याचं स्वतःचं आयुष्य, दोन्हींची लांबी जवळजवळ सारखीच! इचिरो खेळत नाही असं जग त्याने पाहिलेलंच नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. १९९४ मध्ये इचिरोने जपानी लीगच्या एका मोसमात २१० हिट मारले. हिट म्हणजे चेंडू फटकावून बॅटरने सुखरूप बेस गाठणं, आणि तोही समोरच्यांच्या चुकीमुळे नाही. त्याआधी जपानमध्ये एका मोसमात २०० चा आकडा कुणीच गाठला नव्हता. सुझुकी हे तिकडे अगदी सर्रास आढळणारं आडनाव, म्हणून त्याच वर्षी प्रशिक्षक ओगी यांनी जर्सीवर नुसतं ‘इचिरो’ लिहायला लावलं. तेच पुढे जगभर चाललं.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबे शहर भूकंपाने हादरलं. ६,४०० हून अधिक माणसं गेली. ओरिक्सचं घरचं मैदान कोबेतच होतं. त्या मोसमात खेळाडूंच्या बाहीवर ‘गानबारो कोबे’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे साधारण ‘हिंमत धर, कोबे’. त्या वर्षी संघाने आपली लीग जिंकली आणि १९९६ मध्ये जपानचं विजेतेपद. घरं काही क्रिकेट-बेसबॉलने उभी राहत नाहीत, हे खरंय. पण ढिगाऱ्यांच्या शहरात संध्याकाळी बघायला काहीतरी होतं. तेव्हा दहा वर्षांचा असलेला कोबेतला मुलगा २०१९ मध्ये ३४ चा झाला होता.

२००१ मध्ये इचिरो सिॲटलला गेला. तोवर जपानी पिचर तिकडे खेळले होते, पण रोज बॅटिंग करणारा जपानी खेळाडू टिकेल का, याबद्दल शंका होती. अंगानेही तो सडपातळ. पहिल्याच वर्षी २४२ हिट, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही पुरस्कार. २००४ मध्ये २६२ हिट मारून त्याने जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ हिटचा विक्रम मोडला. २००१ ते २०१०, सलग दहा मोसम २०० हून जास्त हिट. जपानमधले १,२७८ आणि मेजर लीगमधले ३,०८९ मिळून ४,३६७.

मला मात्र यातलं सगळ्यात मोठं वर्ष २०१८ वाटतं. मे महिन्यात त्याला खेळाडूंच्या यादीतून काढून संघाचा सल्लागार केलं. त्या मोसमात तो पुन्हा खेळू शकणार नव्हता. तरी तो रोज मैदानावर यायचा, संघाबरोबर पूर्ण सराव करायचा आणि सामना सुरू झाला की बाहेर. निवृत्तीच्या रात्री उशिरा झालेल्या लांबलचक पत्रकार परिषदेत तो काय म्हणाला माहितीये? विक्रम कुणीतरी मोडणारच, पण न खेळता काढलेले ते दिवस आपल्याला थोडा अभिमान वाटावा असे आहेत, अशा अर्थाचं काहीतरी.

आपल्याकडे जुनी माणसं काळ कसा मोजतात आठवा. ‘पानशेत फुटलं तेव्हा मी चौथीत होतो’, ‘बहात्तरच्या दुष्काळात आमचं लग्न झालं’. जपानमध्ये सम्राटाच्या नावाने काळ मोजतात. इचिरो निवृत्त झाला आणि चाळीस दिवसांनी हेसेई हा कालखंडही संपला. आपली पिढी खेळाडूंवरून मोजते. इचिरोचा जन्म ऑक्टोबर १९७३ चा, सचिनचा त्याच वर्षीच्या एप्रिलचा. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिन थांबला तेव्हा मी शाळेत होतो. घरात बाबा गप्प झाले होते. तेव्हा वाटलं, एवढं काय! आता माझ्या लहानपणीचे बाकीचेही एकेक करून थांबतायत आणि मला ते गप्प बसणं कळतं.

आपला आवडता खेळाडू आपल्यापेक्षा मोठा असतो. तो खेळतोय तोवर आपण ‘लहान’ असतो, पोटाचा घेर आणि गृहकर्जाचा हप्ता काहीही सांगो. तो थांबला की ती सवलत संपते. ऑफिसात पंचेचाळिशीचा माणूस ऐन भरात असतो, खेळाडू मात्र त्या वयात म्हातारा ठरलेला असतो. आपलं म्हातारपण यायला अजून वेळ आहे, त्याचं मात्र हजारोंच्या डोळ्यांसमोर होऊन जातं. आपल्यासाठी ती रंगीत तालीमच म्हणा ना.

आणि त्या तालमीत मला दिसतं ते २०१८. यादीत नाव नाही, तरी सकाळी बॅट घेऊन हजर. २०२५ मध्ये इचिरोला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ३९४ पैकी ३९३ मतांनी. ती मतं त्याच्या हिटना होती. त्या न खेळलेल्या दिवसांना मत द्यायची सोय कुठेच नाही, ते ज्याचे त्यानेच मोजायचे.

तुमचं वय कुणाच्या निवृत्तीने वाढवलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!