विमानहानीचे आकडे आणि कोशलेखनातील संदिग्धता

ब्रिटनच्या आकाशयुद्धावरील कोशनोंदींत बहुधा एक आटोपशीर तक्ता आढळतो : १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या अवधीत जर्मन विमानहानी १,७३३, ब्रिटिश ९१५. हे आकडे निराधार नव्हेत. मूळ ब्रिटिश दावा २,६९८ विमाने पाडल्याचा, तर जर्मनांचा ३,०५८ चा होता. युद्धसमाप्तीनंतर जर्मन दप्तरे हाती आली आणि दोन्ही दावे किती फुगलेले होते हे उघड झाले.

एकट्या १५ सप्टेंबरला १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. प्रत्यक्ष हानी सुमारे ६० होती. या तफावतीस केवळ प्रचार म्हणणे अन्यायाचे होईल. एकाच विमानावर तीन-चार वैमानिक गोळ्या झाडीत आणि प्रत्येकजण ते आपल्या नावे मांडी. समुद्रात कोसळलेल्या विमानाचा पडताळा तर घेता येत नसे. उलट जर्मन पुरवठा खात्याच्या नोंदी नवी विमाने मिळविण्यासाठी होत्या, लोकांस ऐकविण्यासाठी नव्हेत; म्हणून त्या अधिक विश्वसनीय ठरतात.

तथापि दावा आणि हानी यांत भेद केला म्हणजे कोशकाराचे काम संपत नाही. ‘हानी’ या शब्दाखाली त्याने नेमके काय मोजले? जर्मन नोंदींत नुकसान टक्केवारीने लिहीत. साधारणतः ६० टक्के वा अधिक नुकसान झालेले विमान बाद समजले जाई. त्याहून कमी नुकसान झालेली विमाने कोणी बेरजेत धरतो, कोणी वगळतो. उड्डाणातील अपघातांचेही तेच.

याहून गंभीर दोष तुलनेचा आहे. ९१५ हा आकडा केवळ फायटर कमांडचा; १,७३३ मध्ये मात्र जर्मनांची लढाऊ आणि बाँबफेकी अशी दोन्ही विमाने येतात. याच महिन्यांत बाँबर कमांडची विमाने खाडीपलीकडील बंदरांत आक्रमणासाठी जमविलेल्या नौकांवर हल्ले करीत होती, कोस्टल कमांडचीही विमाने पडत होती. ती हानी या तक्त्यात कोठेच नाही. ‘ब्रिटिश हानी’ हे शीर्षक म्हणूनच चुकीचे होय.

शिवाय विमान म्हणजे माणसे नव्हेत. केंटवर हवाई छत्रीने उतरलेला हरिकेनचा वैमानिक, जखमी नसल्यास, दुसऱ्याच दिवशी पुन्हा उड्डाण करू शके. तेथेच पडलेल्या हाइंकेलमधील चार-पाच जण मेले नाहीत तर कैदेत जात. तक्त्यात दोन्हींची नोंद एकेक विमान अशीच होते.