लेट मार्क

परवा रात्री साडेनऊला भावाच्या नातीचा फोन आला. पोरीला नुकतीच बीकेसीत नोकरी लागली आहे. डोंबिवलीहून कुर्ला, आणि तिथून पुढे मिळेल ते वाहन. आवाजावरूनच कळलं की रडवेली झाली आहे.

"आत्याआजी, सकाळी तीन गाड्या सोडल्या. चौथीत कशीबशी घुसले. तरी अकरा मिनिटं उशीर झाला आणि लेट मार्क लागला. तू छत्तीस वर्षं हे कसं केलंस गं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. सवय होते, मैत्रिणी मिळतात, चौथी सीट का होईना पण मिळते, वगैरे. फोन ठेवला आणि मग झोप येईना. कारण मी अर्धंच खरं सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आज इथे लिहिते आहे. मंडळी, थोडा इतिहासाचा तास होणार आहे, सांभाळून घ्या. मास्तरणीची खोड जात नाही.

'भारतातील पहिली प्रवासी रेल्वे केव्हा व कोठून कोठे धावली?' हा एक गुणाचा प्रश्न मी किती वेळा काढला असेल! उत्तर : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. १४ डबे, तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे आणि तोफांची सलामी. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणला पोचली. पण ही गाडी आली कशासाठी, हे मात्र मी क्वचितच विचारलं. तुम्हाआम्हाला ऑफिसात वेळेवर पोचवायला ती आलेली नव्हती. घाटावरचा कापूस बंदरावर आणायचा, हा तिच्यामागचा मोठा हिशेब होता. म्हणून १८६३ मध्ये बोरघाट फोडून ती वर गेली. माणसं नंतर त्याच रुळांवर वाढत गेली.

आता दुसरी गोष्ट. १८५४ पासून मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि कामगार त्यांच्या भोवतीच राहू लागला. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपणं, खाणावळीचं जेवण. त्या जगण्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट होती : भोंगा झाला की माणूस चालत गिरणीत पोचायचा. त्याला पास लागत नव्हता.

गाडी लागली ती कारकुनाला. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सरकारने शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि पुढे दादर, माटुंगा, शीव इथे मध्यमवर्गासाठी आखीव वस्त्या झाल्या. घर उत्तरेला, कचेरी फोर्टात. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी विजेची पहिली लोकल धावली आणि घर आणखी लांब नेण्याची सोय झाली. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये शहराची हद्द वाढली. ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. घरं सरकत राहिली, कचेऱ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. तिन्ही बाजूंना समुद्र असलेल्या चिंचोळ्या जमिनीवर सगळी माणसं सकाळी एका दिशेला आणि संध्याकाळी उलट्या दिशेला जाणार, हे नकाशा बघून चौथीतलं पोरही सांगेल.

मोठ्यांनाही ते दिसत होतं बरं का. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात मांडलं की खाडीपलीकडे नवं शहर वसवा, कामधंदे तिकडे न्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या पलीकडे नेण्याची कल्पना त्या मूळ विचारातच होती. झालं काय? मंत्रालय आहे तिथेच राहिलं आणि त्याच्याच शेजारी नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे नवे मनोरे उभे राहिले. नव्या मुंबईतल्या वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये. स्थापनेपासून मोजलं तर २२ वर्षांनी!

इथे मला आमच्या शाळेचं मस्टर आठवतं. ठरल्या वेळेनंतर त्याखाली लाल रेघ ओढली जायची. तीन वेळा रेघेखाली सही झाली की एक किरकोळ रजा गेली. अकरा मिनिटांच्या उशिराला शिक्षा आहे. बावीस वर्षांच्या उशिराचा लेट मार्क कोणाच्या नावापुढे लागला?

आता जे मी त्या पोरीला सांगितलं नाही, ते.

माझी शाळा गिरणगावात होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वर्गांतली मुलं एकेक करून कमी होऊ लागली. कोणी गावी गेलं, कोणी खोली विकून लांब राहायला गेलं. सातवीतल्या एका मुलाचे वडील दाखला मागायला आले. बदलापूरला जागा घेतली म्हणाले. मुलगा हुशार, इतिहासात तर माझा लाडका. मी म्हटलं, "शाळा कशाला बदलता? मीही डोंबिवलीहून येतेच की रोज. तास-दीड तासाचं काय एवढं?" त्यांनी माझं ऐकलं. बाईंचा शब्द!

शाळा सकाळची होती. मला एक गाडी चुकली तर दहा-पंधरा मिनिटांत दुसरी असायची. बदलापूरला एक चुकली की पुढची लवकर नसायची. पोरगा पाचच्या सुमाराला घर सोडायचा आणि तरी आठवड्यातून दोनदा उशिरा यायचा. पहिला तास माझाच असायचा. मी त्याला दाराबाहेर उभं करायची. शिस्त म्हणजे शिस्त. त्याच्या वहीत लाल शाईने शेरा लिहिला : 'नेहमी उशिरा येतो. पालकांनी लक्ष द्यावे.' वर्गात आला की बाकावर डोकं ठेवून झोपायचा, त्यावरही बोलले. वडिलांना दुसरीकडे पहाऱ्याचं काम मिळालं होतं, लक्ष द्यायला ते कुठून येणार? आठवीच्या सहामाहीनंतर तो आलाच नाही. दाखला न्यायलाही कोणी आलं नाही.

गाडीतून पडून माणूस गेला की निदान बातमी होते. असा गळालेला पोरगा कुठल्याच आकड्यात नसतो. तो सोशिक नव्हता किंवा आळशी होता असं मी त्या वेळी समजले. त्याच्या दीड तासामागे बंद गिरणी होती, हातातून गेलेली खोली होती, ही साधी गोष्ट इतिहास शिकवणाऱ्या बाईच्या लक्षात आली नाही.

पुढे त्याच गिरण्यांच्या जागांवर मॉल आणि काचेच्या कचेऱ्या आल्या. ज्या जमिनीवर आजोबा चालत कामाला जायचे, तिथे नातू आता कल्याण-बदलापूरहून लटकत येतो. गिरण्यांच्या काळातली स्टेशनं आणि त्यांचे अरुंद जिने मात्र बरीच वर्षं तसेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसात गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून तिथे नवा पूल बांधला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. म्हणजे पूल पाच महिन्यांत होऊ शकत होता!

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन भरलेल्या लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली, काही प्राणांना मुकली. त्या सकाळी आमची पोरगीही त्याच मार्गावर होती. तिचा फोन लागेपर्यंतची चाळीस मिनिटं मी देव्हाऱ्यासमोर बसून होते.

रेल्वेच्या भाषेत या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. गेल्या दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा मी अंगणात खडूने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन काढला आणि सगळ्यांना आत उभं राहायला सांगितलं. नववा माणूस आत येईना. जावईबापू तर रेघेवरच. पोरगी मात्र गंभीरपणे म्हणाली, "अजून जागा आहे, आत सरका." सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काय होतं?

आम्ही डब्यात वाटाणे सोलले, भजनं म्हटली, हळदीकुंकू केलं, दसऱ्याला डबा सजवला. ते सुख खोटं नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या काही सख्ख्या मैत्रिणी त्या डब्यातच मिळाल्या. पण त्या सुखाला आम्ही 'मुंबईचं स्पिरिट' म्हणू लागलो आणि तिथे चुकलो. सहन करणाऱ्याचं कौतुक केलं की सहन करायला लावणाऱ्याला कोणी विचारत नाही. मी स्वतः वर्गात हेच शिकवलं : लवकर उठा, जुळवून घ्या.

म्हणून तुला, पोरी, नवं उत्तर देते. तू हे वाचशील, ठाऊक आहे. 'कसं केलंस' याचं उत्तर 'चुकीचं केलं' असं आहे. सवय होते हे खरं, पण सवय होऊ देऊ नकोस. तू एक वही घाल. तारीख, गाडीची वेळ, किती मिनिटं उशिरा आली, किती गाड्या सोडाव्या लागल्या, सगळं लिही. तुझ्या स्टेशनच्या प्रवासी संघटनेला दे, जिथे द्यायचं तिथे दे. तुझं मस्टर ऑफिस ठेवतं, त्यांचं मस्टर तू ठेव. इतिहास अशाच कागदांवरून लिहिला जातो. माझ्याकडे छत्तीस वर्षांचा एकही कागद नाही, आणि जो एक शेरा मी लिहिला तो चुकीच्या माणसाच्या वहीत.

असो. उद्या रविवार. ती जेवायला येणार आहे आणि मेगाब्लॉक आहे. साडेबाराला येते म्हणाली आहे, म्हणजे दीड वाजेल. पोळ्या मी ती आल्यावरच करायला घेईन. आमच्या घरी लेट मार्क नाही.