लॉस एंजेलिस दोनदा का पेटलं?

मागे आपण अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल बोललो होतो. तेव्हा एका बचत गटातून प्रश्न आला होता, की गुलामी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तर मग पुढे शंभर वर्षांनी तिथली शहरं का जळत होती? प्रश्न आम्हाला सोडवेना. सगळ्या शहरांचं सांगायला गेलो तर रात्र होईल, म्हणून आज एकाच शहराचं सांगतो. कॅलिफोर्निया राज्यातलं लॉस एंजेलिस. सिनेमावाल्यांचं शहर म्हणून आपण त्याचं नाव ऐकतो. ते शहर दोनदा पेटलं, १९६५ मध्ये आणि १९९२ मध्ये. मध्ये सत्तावीस वर्षं गेली.

पहिली गोष्ट एका आईपासून सुरू होते. ११ ऑगस्ट १९६५, बुधवार, संध्याकाळची वेळ. उकाडा फार. रीना प्राइस नावाच्या कृष्णवर्णीय बाईची जुनी ब्यूक गाडी घेऊन तिचा २१ वर्षांचा मुलगा मार्केट फ्राय घरी निघाला होता, सोबत भाऊ होता. तो प्यायलेला होता. वॉट्स या वस्तीजवळ मोटारसायकलवरच्या गोऱ्या महामार्ग पोलिसाने गाडी थांबवली. सुरुवातीला सगळं हसतखेळत चाललं होतं. घर जवळच होतं, गाडी पोलीस ओढून नेणार म्हणून आई धावत आली. आल्या आल्या तिने कुणाला झापलं असेल? मुलालाच. पिऊन गाडी चालवतोस म्हणून. चारचौघांत आई बोलली, मुलगा चिडला, पोलिसांशी झटापट झाली, दंडुका डोक्यात बसला, आई मध्ये पडली, आणि तिघांनाही बेड्या पडल्या.

उकाड्यामुळे लोक बाहेर बसलेले होते. शेकडोंचा घोळका जमला. त्यात एका तरुण बाईने पोलिसावर थुंकल्याचा आरोप झाला आणि तिला ओढत नेलं. ती केस कापायच्या दुकानात काम करायची, अंगावर कामाचा सैल डगला होता. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं बाई गरोदर आहे. ‘पोलिसांनी गरोदर बाईला मारलं’ ही बातमी तासाभरात सगळीकडे झाली. खरी नव्हती. पण कुणी ती तपासून पाहिली नाही, कारण पोलीस असं करू शकतात याबद्दल त्या वस्तीत कुणाला शंकाच नव्हती. आम्हाला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. अफवा लबाड माणूस पसरवतो हे खरं, पण ती रुजते ती आधीच नांगरून ठेवलेल्या जमिनीत.

ती जमीन कशी तयार झाली होती ते बघा. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये जहाजांचे आणि विमानांचे कारखाने जोरात चालले. टेक्सास, लुइझियाना या दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी आली. काम मिळालं, पण राहायचं कुठे? गोऱ्या वस्त्यांमधल्या घरांच्या खरेदीखतातच अट लिहिलेली असायची, की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं की अशी अट कोर्टातून बजावून घेता येणार नाही. अट गेली, रीत राहिली. पैसे असूनही घर मिळेना. म्हणून शहराच्या दक्षिण भागात दाटीवाटीच्या वस्त्या वाढत गेल्या. युद्ध संपलं, कारखान्यांतली कामं कमी झाली, लोक मात्र तिथेच अडकले.

१९६३ मध्ये राज्याने कायदा केला की घर देताना वर्ण बघायचा नाही. लगेच पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, राज्यभर मतदान झालं आणि जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी तो कायदा रद्द करून टाकला. पुढे कोर्टाने ते मतदान घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर लोकांना जे कळायचं ते कळलं होतं. शेजारी मत देऊन सांगतोय की तू माझ्या शेजारी नको. तिकडे वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्काच्या मोठ्या कायद्यावर सही केली. देशभर कौतुक झालं. पाचच दिवसांनी वॉट्स पेटलं. कागदावर हक्क मिळाले, पण संध्याकाळी चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न त्या कागदाने सुटत नव्हता.

तिथल्या बायकांचा दिवस कसा जायचा? कितीतरी जणी गोऱ्या लोकांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं ही कामं करत. ती घरं लांब, बसची सोय वाईट, दोन-दोन बस बदलायच्या. दुखलं-खुपलं तर जवळपास मोठं सरकारी इस्पितळ नाही. ते शहराच्या दुसऱ्या भागात. तापाने फणफणलेलं लेकरू काखेत घेऊन बस बदलत जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. शाळा गच्च भरलेल्या. दुकानं बाहेरच्यांची, माल हलका, हप्त्यावर घेतलं तर व्याज भारी. आणि पोलीस जवळजवळ सगळे गोरे. त्यांचे प्रमुख विल्यम पार्कर यांनी दगड मारणाऱ्या लोकांची तुलना उघडपणे माकडांशी केली होती. प्रमुख असं बोलतो, तर रस्त्यावरचा शिपाई कसा वागत असेल?

सहा दिवस आग धुमसत होती. जवळपास १४,००० नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, रस्त्यावर उतरले. ४६ चौरस मैलांहून मोठ्या भागात संचारबंदी लागली. ३४ माणसं मेली, त्यातली बहुतेक कृष्णवर्णीय. हजारावर जखमी, जवळजवळ ४,००० अटकेत. सहाशेवर इमारतींचं नुकसान झालं, त्यातल्या दोनशेहून जास्त जळून खाक झाल्या. घरं, शाळा, वाचनालयं लोकांनी बहुतेक ठिकाणी सोडली. राग निघाला तो दुकानांवर. कृष्णवर्णीय दुकानदारांनी ‘हे आपल्या भावाचं दुकान आहे’ अशा पाट्या लावल्या.

पण त्या दुकानांतच तर सगळ्यांचं सामान यायचं! खरेदीखतात अट लिहिणारे वकील, मतदान करणारे लाखो लोक, घरं न देणारे दलाल, यांच्या दारापर्यंत आग गेलीच नाही. आठवड्याने धूर निवला तेव्हा दूध कुठून आणायचं हा प्रश्न त्याच आयांपुढे उभा होता. जळालेल्या जागा पुढे कित्येक वर्षं रिकाम्या पडून राहिल्या. रीनाबाईंची गाडी पोलिसांच्या ताब्यात गेली ती गेलीच. ठेवणावळीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला, म्हणून त्यांना ती परत घेता आली नाही.

चौकशी समिती बसली. जॉन मॅकोन त्याचे अध्यक्ष, पूर्वीचे गुप्तहेर खात्याचे प्रमुख. समितीने डिसेंबर १९६५ मध्ये लिहिलं, रोजगार द्या, शाळा सुधारा, बस वाढवा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची नीट दखल घ्या, इस्पितळ बांधा. पुढे १९६७ च्या उन्हाळ्यात नेवार्क, डेट्रॉइट अशी शहरामागून शहरं पेटली, एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली. मग राष्ट्राध्यक्षांनीच ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमला. आयोगापुढे केनेथ क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ साक्षीला आले. ते म्हणाले, की शिकागोच्या १९१९ च्या दंगलीचा अहवाल वाचला, हार्लेमच्या १९३५ चा वाचला, १९४३ चा वाचला, वॉट्सचा वाचला. तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघतोय असं वाटतं. तीच कारणं, त्याच शिफारशी, आणि तीच स्वस्थता. आयोगाने १९६८ मध्ये स्पष्ट सांगितलं की मुळाशी गोऱ्या समाजाचा वर्णद्वेष आहे. जॉन्सनसाहेबांना ते आवडलं नाही. अहवाल बाजूला पडला.

इथे जाता जाता एक सांगून ठेवतो. वर्णावरून झालेली दंगल म्हणजे दरवेळी कृष्णवर्णीयांनी केलेली जाळपोळ, असं नाही. ओक्लाहोमा राज्यातल्या टुल्सा शहरात १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती जाळून टाकली होती. शाळेच्या पुस्तकांत त्याचा कित्येक दशकं उल्लेखसुद्धा नव्हता.

परत लॉस एंजेलिसकडे येऊ. शिफारशींतलं काही झालंसुद्धा. वॉट्सजवळ मार्टिन लूथर किंग यांच्या नावाचं इस्पितळ १९७२ मध्ये उघडलं. पण रोजगाराचं उलटंच झालं. १९८० च्या आगेमागे त्या भागातले टायरचे आणि मोटारींचे मोठे कारखाने बंद पडले. पक्क्या पगाराची नोकरी गेली आणि कोकेनची स्वस्त नशा आली. तिच्यामागोमाग टोळ्या आल्या, आणि टोळ्यांच्या नावाखाली पोलिसांच्या सरसकट धाडी.

त्याच काळात तिथे नवी माणसं आली. १९६५ मध्येच अमेरिकेने परदेशी लोकांना येऊ देण्याचा कायदा सैल केला. त्याच कायद्याने आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले, आणि दक्षिण कोरियाची माणसंही गेली. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी येत नव्हतं, शिकलेल्यांनाही तिथे नोकरी मिळेना. वॉट्सनंतर जुने दुकानदार जो भाग सोडून गेले, तिथली दुकानं स्वस्तात मिळत होती. किराणा, दारू, कपडे. नवरा-बायको दोघं पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर. गिऱ्हाईक कृष्णवर्णीय आणि मेक्सिकोकडून आलेलं. दोघंही गरीब, दोघांनाही एकमेकांची भाषा, रीत कळेना. एकाला वाटे, हे आपल्या जिवावर पैसा करतात. दुसऱ्याला वाटे, आत येणारा प्रत्येक जण चोर.

३ मार्च १९९१ ला पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर पाडून बेदम मारलं. समोरच्या घराच्या गच्चीतून एकाने ते कॅमेऱ्यात टिपलं आणि जगाने पाहिलं. तेरा दिवसांनी दुसरी घटना झाली. लॅटाशा हार्लिन्स, वय १५, आजीने वाढवलेली मुलगी, संत्र्याचा रस घ्यायला कोरियन बाईच्या दुकानात गेली. बाटलीची किंमत १ डॉलर ७९ सेंट. बाटली पिशवीत ठेवून ती गल्ल्याकडे आली. दुकानदारीण म्हणाली, चोरतेस. तिने मुलीला धरलं, मुलीने ठोसे मारले, मग बाटली परत गल्ल्यावर ठेवून ती जायला वळली. पाठमोऱ्या मुलीच्या डोक्यात गोळी घातली. मुलगी पडली तेव्हा तिच्या हातात दोन डॉलर होते. त्या दुकानावर आधी चोऱ्या झाल्या होत्या, टोळीच्या धमक्या होत्या, बाई घाबरलेली होती, हे कोर्टात आलं. ते खरंही असेल. पण गुन्हा सिद्ध होऊनही न्यायाधीश बाईंनी तिला एक दिवस तुरुंगात पाठवलं नाही. पाचशे डॉलर दंड आणि समाजसेवा.

पुढच्या वर्षी २९ एप्रिलला किंगला मारणाऱ्या चार पोलिसांचा निकाल लागला. ज्या बारा पंचांनी निकाल दिला त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. जवळपास सगळ्या आरोपांतून पोलीस सुटले. दुपारी निकाल, संध्याकाळी आग. या वेळी साठाहून जास्त माणसं मेली, बारा हजारांवर अटका झाल्या, नुकसान सुमारे शंभर कोटी डॉलरचं. कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकानं लुटली-जाळली गेली. पहिल्याच तासांत पोलीस मुख्य चौकातून मागे हटले. श्रीमंत भागांना बंदोबस्त मिळाला, कोरियन दुकानदार स्वतःच बंदुका घेऊन छपरांवर चढले. एक १८ वर्षांचा कोरियन मुलगा वस्तीच्या रक्षणाला गेला आणि गोंधळात आपल्याच माणसांच्या गोळीने मेला. त्याच्या आईने वर्तमानपत्रात फोटो पाहिला, पण तिला वाटलं हा माझा नाही, माझ्या लेकाने तर पांढरा शर्ट घातला होता. फोटो काळा-पांढरा होता. रक्ताने भिजलेला शर्ट त्यात काळा दिसत होता.

त्या चौकात एका गोऱ्या ट्रकचालकाला जमावाने ओढून मारलं. टीव्हीवर ते थेट दिसत होतं. ते बघून चार अनोळखी कृष्णवर्णीय माणसं आपापल्या घरातून निघाली आणि त्याला ट्रकमध्येच घालून इस्पितळात पोचवलं. त्या चौघांत दोन बायका होत्या.

या सहा दिवसांना सरकार दंगल म्हणतं. वस्तीतले पुष्कळ लोक उठाव म्हणतात. कोरियन लोक नुसती तारीख सांगतात, ‘सा-इ-गू’, चार-दोन-नऊ. त्यांच्या बायकांनी काय सोसलं ते त्याच नावाच्या माहितीपटात १९९३ मध्ये आलं.

नंतरची एक गोष्ट सांगून थांबतो, कारण दारूच्या दुकानांशी आपल्या गटांचंही जुनं वैर आहे. दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये सुमारे दोनशे दारूची दुकानं जळाली होती. वस्तीतल्या लोकांनी, त्यात बायका पुढे, ठरवलं की ही परत उघडू द्यायची नाहीत. कॅरन बास नावाची बाई संघटनेची पुढारी होती. सह्या गोळा केल्या, नगरपालिकेच्या सभा भरून टाकल्या. सुमारे दीडशे दुकानं परत उघडली नाहीत, काही जागी कपडे धुण्याची केंद्रं आली. हीच कॅरन बास २०२२ मध्ये शहराची पहिली महिला महापौर म्हणून निवडून आली. आम्ही हे वाचलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की त्या दीडशेंतली बरीच दुकानं कोरियन जोडप्यांची होती, त्यांची सगळी पुंजी त्यात होती. त्यांच्याही बायका नगरपालिकेपुढे निदर्शनांना बसल्या. दोन्हीकडे आयाच. कुणाची बाजू घ्यायची यावर आमच्यातच वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

आणि ते इस्पितळ? उपचारांतल्या गंभीर चुकांमुळे २००७ मध्ये ते बंद झालं आणि २०१५ मध्ये नव्याने उघडलं. मधली आठ वर्षं बायका पुन्हा लेकरं घेऊन लांब जात होत्या.

तुमच्या गटात दारूच्या दुकानांच्या त्या वादावर बोलणं झालं, तर आम्हाला कळवा. नमस्कार.